रानात रमलेला राजा

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस हुपरी नावाचे गाव आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी ते दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. घराघरांतून हातोडीचा नाजूक ठोका ऐकू यावा, पैंजणांना घुंगरे जोडण्यात घरातील लहानथोर गुंतलेले असावेत, असे हे गाव. परंतु गावाबाहेर पडून मोकळ्या रानात उभे राहिले, म्हणजे निराळेच चित्र दिसते. पूर्वेकडे जमीन हळूहळू सपाट होत कृष्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाते. पश्चिमेकडे मात्र, दूर कोल्हापूरच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या रांगा उभ्या आहेत. पूर्वेकडील गावांत पावसाची वाट पाहत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा पश्चिमेच्या त्या डोंगरांवर पावसाची झड दिवस दिवस थांबत नाही. इकडे उघडा माळ, तिकडे घनदाट रान. इकडे पाण्याची टंचाई, तिकडे पाण्याचा लोट. एकाच जिल्ह्यात निसर्गाने ही दोन टोके ठेवली आहेत.

या माळावर आणि त्या रानात ज्याने आपल्या आयुष्याचे कितीतरी दिवस घालविले, असा एक राजा कोल्हापुरास होऊन गेला. त्याला राजवाड्यापेक्षा राहुटी अधिक प्रिय होती. घोड्यावर मांड टाकावी, शिकारी कुत्रे बरोबर घ्यावेत आणि दिवस उगवण्यापूर्वीच रान गाठावे, यात त्याला जो आनंद वाटे तो दरबारातील मानसन्मानात कधी वाटला नाही. तो राजा म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे त्यांचे वडील आणि राधाबाई या त्यांच्या मातोश्री. बाळाचे नाव यशवंतराव असे ठेवण्यात आले. कागल हे हुपरीच्या नैर्ऋत्येस, फारसे दूर नसलेले गाव. यशवंतराव जेमतेम तीन वर्षांचे असताना त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. पुढे कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या अखेरीस अहमदनगर येथे मरण पावले. गादीला वारस नव्हता. तेव्हा राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेविले. दहा वर्षांचे वयही पुरे झाले नव्हते, तोच हा मुलगा छत्रपती झाला. दोन वर्षांनी वडीलही गेले. मस्तकावर छत्र आले आणि त्याच सुमारास आईबापांचे छत्र मात्र हरपले.

बाल महाराजांचे शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे झाले. धारवाडास फ्रेजर नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे गुरू होते. धाकटे बंधू बापूसाहेब घाटगे हेही त्यांच्यासमवेत शिकत होते. फ्रेजर साहेबांनी आपल्या शिष्यांना केवळ पुस्तकांत कोंडून ठेविले नाही. इतिहास, भूगोल, कायदा यांबरोबरच घोड्यावर बसणे, नेम धरणे, मैलोगणती पायी चालणे हेही शिक्षणच, असे तेथे मानले जाई. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून त्यांचे प्रवासही करविण्यात आले. देश कसा आहे, लोक कसे राहतात, नद्या कोठून कोठे वाहतात, हे नकाशावर बोट ठेवून नव्हे, तर प्रत्यक्ष पायांनी हिंडून शिकावे, ही गोडी महाराजांना तेव्हाच लागली असावी. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते.

महाराजांचा देह धिप्पाड होता. उंची भरपूर, छाती रुंद आणि अंगात बळ अफाट. कुस्तीचा तर त्यांना विलक्षण नाद होता. स्वतः ते आखाड्यात उतरत आणि हिंदुस्थानातील नामांकित मल्लांना कोल्हापुरात आश्रय देत. १९०२ मध्ये विलायतेच्या प्रवासात असताना त्यांनी रोम शहरातील प्राचीन प्रेक्षागार पाहिले. वर्तुळाकार पायऱ्यांवर बसलेल्या हजारो लोकांना मधले मैदान सारखेच स्पष्ट दिसावे, ही त्याची रचना त्यांच्या मनात भरली. पुढे त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीमैदान बांधविले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधला हौद खाली आणि सभोवती चढत गेलेली बैठक, यामुळे शेवटच्या रांगेतील गरीब शेतकऱ्यासही कुस्तीचा प्रत्येक डाव नीट दिसतो.

घोडे हा त्यांचा दुसरा छंद. नव्या, उधळ्या घोड्यांना वळण लावण्यासाठी त्यांनी एक भक्कम लाकडी गाडी बनवून घेतली होती. रस्त्याने धावताना ती एवढा आवाज करी, की लोकांनी तिचे नावच खडखडा असे पाडले. महाराज स्वतः तिचे लगाम हाती घेत. वाटेत एखादा खेडूत भेटला, तर त्याला आपल्या शेजारी बसवून घेत आणि त्याच्या गावची, पिकापाण्याची विचारपूस करीत. राजाच्या शेजारी बसलेल्या त्या भोळ्या माणसाला पुष्कळदा ठाऊकही नसे, की आपण कोणाशी बोलत आहोत.

परंतु साऱ्या छंदांत मोठा छंद शिकारीचा. शिकार हा त्या काळी राजेलोकांचा नेहमीचा खेळ समजला जाई. कोल्हापूरच्या पूर्वेकडील माळरानावर काळविटांचे कळप हिंडत असत. त्यांची शिकार महाराज शिकविलेल्या चित्त्यांकडून करवीत. हा खेळ मोठा नवलाचा होता. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीत बसवीत. गाडी माळावरून संथपणे कळपाच्या दिशेने जाई. बैलगाडी ही रोजच्या पाहण्यातली वस्तू असल्यामुळे हरणे तिला बिचकत नसत. पुरेसे अंतर राहिले, की चित्तेवान टोपी काढी आणि साखळी सोडी. मग जे घडे ते डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच घडे. चित्त्याइतके वेगाने धावणारे जनावर पृथ्वीच्या पाठीवर दुसरे नाही. मात्र हा वेग त्याला फार वेळ टिकवता येत नाही. थोड्या अंतरात काळवीट हाती लागले नाही, तर तो धापा टाकीत जागीच बसतो आणि कळप क्षितिजाकडे निघून जातो.

आपल्या देशातील चित्ते तेव्हाच विरळ होत चालले होते. म्हणून हिंदुस्थानातील काही संस्थानिकांनी, त्यांत कोल्हापूरकरही आले, आफ्रिकेतून चित्ते आणविले. पुढे १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी झाली. २०२२ मध्ये आफ्रिकेतूनच आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले. पण ते शिकारीसाठी नव्हे, तर या भूमीत त्यांचा वंश पुन्हा रुजावा म्हणून. महाराजांच्या काळी ज्याला मर्दानी खेळ म्हणत, तो आज गुन्हा ठरला आहे. काळ असा बदलतो.

माळावरची शिकार संपली, की महाराजांची पावले पश्चिमेकडे वळत. कोल्हापूरहून राधानगरीच्या वाटेने पुढे जावे तसतशी भोगावतीची दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि फोंडा घाटाच्या माथ्याशी दाजीपूरचे रान लागते. हे रान सदाहरित आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी, त्यांवर चढलेले जाडजूड वेल आणि खाली कारवीचे रान. भर दुपारीही तेथे सावली गडद असते. पावसाळ्यात जळवांचा सुळसुळाट होतो आणि धुक्यामुळे दहा पावलांवरचे दिसत नाही. या रानाचा खरा धनी म्हणजे गवा. खांद्याशी माणसाच्या उंचीला पोहोचणारे, काळेभोर, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे हे जनावर कळपाने हिंडते. माणसाची चाहूल लागताच कळपातील नायक मान वर करून जागीच थबकतो, नाकाने जोराने फुत्कारतो आणि मग सारा कळप झाडी मोडीत दिसेनासा होतो.

दाजीपूरचे हे रान संस्थानने राजाच्या शिकारीसाठी राखून ठेविले होते. त्यामुळे तेथे कोणालाही कुऱ्हाड चालविता येत नसे. शिकारीसाठी राखलेले रान म्हणून ते वाचले, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे.

अशा मुक्कामांत महाराजांचा संबंध केवळ जनावरांशी येत नसे. हाकारे घालणारे गावकरी, वाट दाखविणारे धनगर, डोंगरउतारावर नाचणी पिकविणारे शेतकरी यांच्या संगतीत त्यांचे दिवस जात. दरबारात राजापुढे येणारा मनुष्य हात जोडून येतो आणि मोजके बोलतो. रानात, शेकोटीभोवती बसल्यावर तीच माणसे मोकळी होतात. कोणत्या गावी विहिरीला पाणी नाही, कोणता अंमलदार रयतेस छळतो, कोणाचे पोर शाळेत जाऊ इच्छिते पण त्याला जाता येत नाही, हे सारे महाराजांच्या कानांवर येई. कचेरीच्या कागदांतून जे कधी वर आले नसते, ते शिकारीच्या तळावर आपसूक समजे.

महाराजांनी कारभार हाती घेऊन दोनच वर्षे झाली होती, तोच १८९६ मध्ये दुष्काळ पडला. पाठोपाठ प्लेगची साथ आली. महाराज घोड्यावरून गावोगाव हिंडले. स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यात आली, निराधारांसाठी आश्रम काढण्यात आले, लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून कामे सुरू झाली आणि कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहांचीही सोय झाली. परंतु या साऱ्या धावपळीत एक गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतून बसली असली पाहिजे. ज्या डोंगरांत ते शिकारीस जात, तेथे पावसाळ्यात पाण्याला तोटा नव्हता. ते पाणी चार महिन्यांत नदीवाटे वाहून जाई आणि उरलेल्या आठ महिन्यांत खालचा शेतकरी तहानलेला राही.

१९०२ मध्ये महाराजांनी आपल्या राज्यात पाटबंधाऱ्यांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि जुन्या विहिरी व तलाव यांची पाहणी करविली. अनेक ठिकाणी लहान तलावांची कामे हाती घेण्यात आली. तरीही त्यांचे मन याहून मोठ्या योजनेकडे लागले होते. भोगावती नदी डोंगरांतून जेथे बाहेर पडते, तेथे फेजिवडे गावाजवळ दोन्ही बाजूंच्या टेकड्या एकमेकींच्या जवळ आल्या आहेत. त्या ठिकाणी दगडी बांध घातला, तर मागची सारी दरी पाण्याने भरून जाईल आणि सरोवर तयार होईल, अशी ती जागा होती. शिकारीच्या निमित्ताने ज्याने ही खोरी वर्षानुवर्षे पायांखाली घातली होती, त्याला ती जागा परकी नव्हती.

१९०७ मध्ये या योजनेने आकार घेतला आणि पुढे प्रत्यक्ष काम सुरू झाले. धरणाजवळ महाराजांनी एक नवे गाव वसविले आणि आपली कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्या नावावरून त्याला राधानगरी असे नाव दिले. जलाशयास महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. दगड फोडणे, वाहून नेणे, चुना मळणे, सारे माणसांच्या आणि बैलांच्या बळावर. त्यातून डोंगरातील पाऊस असा, की वर्षाचे कित्येक महिने काम बंदच ठेवावे लागे. तरीही बांध थराथराने वर चढत राहिला. एका लहानशा संस्थानाने, इंग्रज सरकारच्या खजिन्याकडे न पाहता, असे प्रचंड काम अंगावर घ्यावे, हे त्या काळात धाडसच होते. पुष्कळांना तो वेडेपणा वाटला असेल. खर्च वाढत गेला, महायुद्धामुळे सर्व वस्तूंची महागाई झाली आणि अखेर १९१८ च्या सुमारास, बांध सुमारे ४० फूट उंच झालेला असताना, काम थांबवावे लागले. तेवढ्या अपुऱ्या बांधामागेही पाणी साठले आणि शेतीच्या उपयोगी पडू लागले.

रानात हिंडताना महाराजांची गाठ आणखी एका जमातीशी पडली. ती जमात फासेपारध्यांची. फासे मांडून तित्तर, ससे, हरणे धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गवताचे पाते कोणत्या बाजूस वाकले आहे, एवढ्यावरून ते जनावराचा माग सांगत. परंतु इंग्रजांच्या कायद्याने अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. दररोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, कोठे चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. अशा स्थितीत माणूस पोट भरणार तरी कसा? एका शिकाऱ्याने दुसऱ्या शिकाऱ्याचे कसब ओळखले. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे महाराजांचा बंगला व छावणी होती. तेथे त्यांनी फासेपारध्यांना राहावयास जागा दिली, कामे दिली आणि रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, त्यांच्याच भरवशावर राजा निर्धास्त झोपू लागला. पुढे १९१८ मध्ये महाराजांनी या जमातींची हजेरी बंद केली.

१९१८ हे वर्ष महाराजांच्या आयुष्यात फार कठीण ठरले. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे एकोणीस वर्षांच्या आसपासचे, उमदे आणि धाडसी तरुण होते. वडिलांचा घोड्यांचा व शिकारीचा नाद त्यांच्याही अंगात पुरेपूर उतरला होता. १२ जून १९१८ रोजी रानडुकराचा पाठलाग करीत असताना ते घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. भाला हाती घेऊन भरधाव घोड्यावरून डुकरामागे धावणे हा शिकारीचा सर्वांत धोक्याचा प्रकार. झुडपांत दडलेला एखादा खड्डा किंवा धोंडा घोड्यालाही दिसत नाही आणि स्वारालाही दिसत नाही. ज्या खेळाने महाराजांना आयुष्यभर आनंद दिला, त्यानेच त्यांचा तरणाताठा मुलगा हिरावून नेला. या घावातून महाराज पुरते सावरले असे म्हणता येत नाही.

प्रिन्स शिवाजींचे लग्न होऊन एकच वर्ष झाले होते. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अवघ्या बारा वर्षांच्या होत्या. एवढ्या वयात ज्या मुलीला वैधव्य येई, तिने घराच्या अंधाऱ्या खोलीत बसून उरलेले आयुष्य काढावे, अशी तेव्हाची रीत होती. राजघराण्यांत तर पडद्याची बंधने अधिकच कडक. महाराजांनी ही रीत मानली नाही. त्यांनी आपल्या सुनेला सोनतळीच्या मोकळ्या हवेत आणले आणि तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. ती एकटी पडू नये म्हणून तिच्या वयाच्या आणखी काही मुलीही तेथे शिकण्यास ठेविल्या. नातलगांना हे रुचले नाही. पण महाराजांनी तिकडे लक्ष दिले नाही. पुत्रशोकाने व्याकूळ झालेला बाप आपले दुःख बाजूला ठेवून सुनेच्या पाटी-पुस्तकाची चौकशी करीत होता. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणासाठी पुष्कळ कार्य केले.

मुलाच्या मृत्यूनंतर महाराजांनी शिकार सोडली असेल, असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. त्यांचे पाय पुन्हा माळाकडे वळले. १९२० च्या मार्च महिन्यात ते कोल्हापूरच्या पूर्वेस शिकारीत होते. त्याच सुमारास हुपरीच्या उत्तरेकडील माणगाव येथे २१ व २२ मार्च रोजी अस्पृश्य मानलेल्या समाजाची परिषद भरली होती. परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे वय त्या वेळी केवळ अठ्ठावीस वर्षांचे होते. परदेशांत उच्च शिक्षण घेऊन आलेला हा तरुण आपल्या समाजाची दुःखे निर्भयपणे मांडू लागला होता. त्यांचे ‘मूकनायक’ हे पत्र त्याच वर्षी ३१ जानेवारीस सुरू झाले होते व त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते.

महाराज शिकारीतून उठून थेट माणगावास आले. ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांच्या मेळाव्यात छत्रपती येऊन बसले. केवळ बसले नाहीत, तर भाषणास उभे राहिले. आपण शिकार सोडून येथे मुद्दाम आलो आहोत, हे त्यांनी स्वतःच सांगितले. या समाजाला आंबेडकरांच्या रूपाने त्याचा खरा पुढारी मिळाला आहे, अशी ग्वाही त्यांनी जमलेल्या लोकांना दिली. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. सर्वांसमक्ष त्यांनी आंबेडकरांस आपल्या रजपूतवाडीच्या छावणीवर भोजनास येण्याचे आमंत्रण दिले. एका पंक्तीस बसून जेवण्यावरून माणसे वाळीत टाकली जात, असे ते दिवस होते. त्यात छत्रपतींनी भर सभेत दिलेले हे आमंत्रण म्हणजे शेकडो वर्षांच्या रूढीला दिलेला धक्काच होता. त्या दिवशीची शिकार राहिली ती राहिलीच. पण माणगावचे नाव मात्र इतिहासात कायमचे लिहिले गेले.

महाराजांचा देह बलदंड असला, तरी शेवटच्या काळात तो आतून पोखरला गेला होता. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ४७ वर्षे. राधानगरीचा बांध त्या वेळी अर्धवटच उभा होता. भोगावतीच्या दरीत चिरेबंदी भिंतीवरून पाणी उड्या घेत होते आणि तिची उरलेली उंची केव्हा गाठली जाईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

देश स्वतंत्र झाला, कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, ते धरण पूर्ण झाले. आज त्याची उंची सुमारे ४२ मीटर आहे आणि त्यात आठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावते. त्या पाण्यावर वीजही तयार होते. १९५८ मध्ये दाजीपूरचे शिकारीचे रान गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील अभयारण्यांत ते सर्वांत जुने समजले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात या रानाचाही अंतर्भाव आहे. हाकाऱ्यांच्या आरोळ्या तेथे आता ऐकू येत नाहीत. हिवाळ्याच्या सुटीत शाळेतील मुले खांद्याला पिशव्या अडकवून येतात, जलाशयाच्या काठाने चालतात, पक्षी ओळखतात आणि नशीब बलवत्तर असेल तर सकाळच्या धुक्यात त्यांना गव्यांचा कळप दिसतो. गवा मान वर करून त्यांच्याकडे पाहतो, क्षणभर थांबतो आणि सावकाश झाडीत शिरतो. आता त्याला फारशी घाई नसते.

आषाढ-श्रावणात जलाशय काठोकाठ भरतो. तेव्हा राधानगरी धरणाची सात स्वयंचलित दारे पाण्याच्या दाबाने आपोआप एकेक करून उघडतात. दार उघडल्याची बातमी नदीकाठच्या गावांत पाण्याच्या आधी पोहोचते. माणसे सावध होतात, कोणी गुरे वर नेतो, कोणी पंप उचलून ठेवतो. दाजीपूरच्या डोंगरांवर पडलेले ते पाणी भोगावतीतून खाली उतरते, पुढे पंचगंगेचे नाव घेते, कोल्हापुरास वळसा घालते आणि माणगाव, हुपरीच्या मुलखातील उसाच्या मळ्यांना मागे टाकीत नृसिंहवाडीस जाऊन कृष्णेला मिळते.